काचेआडची चिबड जमीन

भांडगावच्या आमच्या घरात खाऱ्या पाण्याची एक टाकी सात वर्षं चालू आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पुढच्या काचेतून तळातल्या वाळूचा छेद दिसायचा, विहीर खणताना मातीचे थर दिसतात तसा. वर बोटभर वाळू पांढरट, तिच्यात बारीक कृमींनी पाडलेल्या केसासारख्या वाटा. त्याखाली करडा पट्टा. आणि अगदी तळाशी, डाव्या कोपऱ्यात, शाईसारखा काळा डाग, वर्षागणिक रुंदावत गेलेला. दोन वर्षांपूर्वी शेजारचे आबा चहाला आले तेव्हा त्यांनी गुडघ्यावर बसून तो डाग बराच वेळ न्याहाळला. कालव्याखालची त्यांची दोन एकर जमीन चिबडलेली आहे आणि तिच्यात चर काढून काढून त्यांनी उमेदीची वर्षं घालवली आहेत. ते म्हणाले, "ही तर चिबडलीय की रे. खाली हवाच जात नाही हिला."

निदान बरोबर होतं. मग उपाय काय, म्हणजे जुन्या, लागलेल्या टाकीतली वाळू बदलायची का, बदलायची तर कशी, या प्रश्नावर मरीन टँक ठेवणाऱ्यांत गेली चाळीस वर्षं एकमत झालेलं नाही. समुद्रापासून दीडशेएक किलोमीटर आत, बोअरच्या पाण्यावर आणि गावठाण फीडरच्या विजेवर टाकी चालवणाऱ्याला हा प्रश्न मुंबईकरापेक्षा जरा वेगळाच पडतो. म्हणून त्याच्या सगळ्या बाजू एकदा मांडतो.

आधी वाळूत घडतं काय ते पाहू. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. एका गटाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्रेट. हे काम करणारे जिवाणू सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. त्यांना प्राणवायू लागतो, म्हणून ते वाळूच्या वरच्या थरात आणि दगडांच्या पृष्ठभागावर राहतात. बारीक वाळूत पाणी फिरत नाही. न ढवळलेल्या थरात प्राणवायू काही मिलिमीटरच उतरतो, आणि कृमींनी बिळं केली असतील तिथे थोडा खोल. त्याच्या खाली नायट्रेटमधला प्राणवायू वापरून जगणारे जिवाणू असतात. ते नायट्रेटचा नत्रवायू करून सोडतात. काचेला चिकटलेले बारीक बुडबुडे बहुधा त्याचेच. इथवर सगळं टाकीच्या फायद्याचं.

त्याच्याही खाली, जिथे नायट्रेटही संपतं, तिथे गोडं पाणी आणि खारं पाणी यांच्या वाटा वेगळ्या होतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. गोड्या पाण्यात त्या मानाने नगण्य. प्राणवायूविना जगणारे जिवाणू हे सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू. त्यातला काही वाळूतल्या लोहाशी संयोग पावून लोह सल्फाइड होतो, आणि तो काळा रंग त्याचा. म्हणजे काळा पट्टा हे विष बांधलं गेल्याचं चिन्ह आहे. जागच्या जागी असेपर्यंत त्याचा त्रास नाही. वर निघणारा थोडाफार सल्फाइड प्राणवायूच्या थरात आल्यावर नाहीसा होतो. तो एकदम, मोठ्या प्रमाणात, माशांच्या कल्ल्यांपर्यंत पोचला तर मात्र मासे वाचत नाहीत.

हे मी पुस्तकातून शिकायला हवं होतं. तिसऱ्या वर्षी वाळू मळकट दिसते म्हणून मी हात घालून कोपऱ्यातला थर उकरला आणि गोड्या पाण्याच्या टाकीत ग्रॅव्हल धुतो तशी नळीने साफ करायला घेतली. मासे आतच होते. पाणी राखाडी झालं, घरभर वास सुटला. संध्याकाळपर्यंत दोन क्लाउनफिशपैकी मोठी मादी पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होती, रात्री ती गेली. नर वाचला. पुढे काही महिन्यांनी तो मादी झाला. या माशांत जोडीतली मादी गेली की नर लिंग बदलतो, हे मी वाचलेलं होतं. अशा रीतीने पाहायला मिळायला नको होतं.

त्या दिवशी सल्फाइडने मारलं की अमोनियाने, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही, कारण वाळू उकरली की दोन्ही सुटतात. आणि खाऱ्या पाण्यात अमोनिया अधिक घातक असतो. पीएच ७ असलेल्या पाण्यात एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी रूपात नसतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास, तिथे तो भाग सहा-सात टक्क्यांवर जातो. म्हणून गोड्या पाण्यात मासे सांभाळून आलेल्या माणसाचा हातखंडा इथे दगा देतो.

टाकीच्या तळाविषयीचे विचार कसकसे बदलत गेले, ते थोडक्यात सांगतो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये मत्स्यगृह उघडलं आणि पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉसच्या पुस्तकाने 'अॅक्वेरियम' हा शब्द रूढ केला. त्या काळी तळाची वाळू म्हणजे नुसती सजावट होती. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अंडरग्रॅव्हल फिल्टर आला: तळाशी जाळीदार पत्रे, वर प्रवाळाचा जाड चुरा, आणि पंपाने पाणी त्यातून खाली ओढायचं. आपल्याकडे जुन्या दुकानांत हीच पद्धत अनेक वर्षं चालली. ती चालायची, पण चुऱ्यात घाण साठत जायची आणि वर्षा-दोन वर्षांनी तळ उपसणं भागच पडायचं. 'वाळू अधूनमधून बदलायचीच असते' हा आजही कानी पडणारा सल्ला तिथला आहे. पद्धत गेली, सल्ला उरला.

इंडोनेशियात ली चिन एंग यांनी १९६१ च्या सुमारास जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाक्या चालवून दाखवल्या. १९८० च्या दशकात मोनॅकोमध्ये जाँ जोबेर यांनी वाळूखाली पाण्याची रिकामी पोकळी ठेवून जाड थर वापरला. नव्वदीत अमेरिकेत चार इंच किंवा त्याहून जाड वाळूची पद्धत रॉन शिमेक यांच्या लेखनामुळे फार चालली. नायट्रेट खाली जिरवायचं आणि वाळूला कधीच हात लावायचा नाही, असा तिचा दंडक. मग त्याच टाक्या पाच-सात वर्षांनी बिघडू लागल्याच्या तक्रारी आल्या आणि लंबक उलट्या टोकाला गेला: तळाला वाळूच नको, नुसती काच. आज बहुतेक जण इंच-दीड इंचाच्या पातळ थरावर स्थिरावले आहेत. माझ्या मते सर्वांत वाईट जाडी म्हणजे दोन ते तीन इंच. नायट्रेट जिरवायला ती धड पुरत नाही आणि नळीने साफ ठेवायला जास्त होते. माझ्या टाकीतला थर साडेतीन इंचांचा होता, म्हणजे जवळजवळ त्याच घोळातला.

वाळू बदलण्याचं सर्वांत सबळ कारण सल्फाइड नाही. ते कारण फॉस्फेट आहे, आणि त्याला वास नसल्यामुळे ते मागे पडतं. मरीन टाकीतली वाळू म्हणजे अॅरागोनाइट, कॅल्शियम कार्बोनेटचं एक रूप. त्याच्या पृष्ठभागाला फॉस्फेट चिकटतं. खाद्यातून येणारं फॉस्फेट वर्षानुवर्षं वाळू आणि दगड शोषून घेतात आणि पाण्याची चाचणी छान दिसत राहते. एकदा पृष्ठभाग भरला की उलटा व्यवहार सुरू होतो. पाणी बदलून फॉस्फेट उतरवलं की दोन दिवसांत वाळू ते परत भरून काढते. शेवाळं हटत नाही, माणूस पाणी बदलून थकतो. माझ्या टाकीत सहाव्या वर्षी हेच झालं. पाणी बदललं की काट्यासारखं उतरायचं आणि काट्यासारखं चढायचं. तेव्हा मी ठरवलं की आता वाळू काढायची.

याउलट रंग गेला, नवी वाळू जास्त पांढरी दिसेल, पाहुण्यांसमोर बरं दिसेल, या कारणांसाठी लागलेला तळ काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वाळूचं वय हेही कारण नाही. दहा वर्षांची वाळू उत्तम असू शकते. आणि काही मासे वाळूवर जगतात. अनेक रॅस मासे रात्री वाळूत शिरून झोपतात, त्यांना दोन-अडीच इंच लागतात. ते टाकीत असतील तर पातळ थराचा मोह धरण्याआधी त्यांची सोय पाहावी लागते.

काढायचं ठरल्यावर दोन पंथ आहेत. पहिला पट्ट्यापट्ट्याने काढणाऱ्यांचा. एकूण तळाचा चौथा हिस्सा पाऊण-एक इंची पारदर्शक नळीने पाण्यासकट ओढून घ्यायचा, दोन आठवडे थांबायचं, अमोनिया पाहायचा, मग पुढचा पट्टा. नळीचं तोंड वाळूत टेकवलं की वाळू आणि तिच्यातला गाळ दोन्ही सरळ बादलीत जातात, पाण्यात मिसळत नाहीत. दुसरा पंथ एका दिवसात सगळं उरकणाऱ्यांचा: मासे, दगड, पाणी बाहेर, टाकी रिकामी, नवी वाळू, सगळं परत.

इंच-दीड इंचाचा तळ असेल तर पहिला मार्ग, यात शंका घ्यायचं कारण नाही. जिवाणूंचा मोठा भाग दगडांवर असतो, ते धक्का पेलतात. पण तीन-चार इंचांच्या, खाली काळ्या पडलेल्या तळाला पट्ट्यापट्ट्याने हात घालणं मला पटत नाही. एक पट्टा ओढला की शेजारचा काळा थर कड्यासारखा उघडा पडतो आणि ढासळतो. मासे आत असताना हे चार वेळा करण्यापेक्षा त्यांना एक दिवस बाहेर काढणं बरं. मी तेच केलं, दिवाळीनंतरच्या आठवड्यात. मे महिन्यात हे काम करू नये. आमच्याकडे पारा चाळिशीला जातो आणि गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो.

दोन निळे ड्रम, प्रत्येकात टाकीचंच पाणी, हवेचे पंप इन्व्हर्टरवर. पाणी वरच्या वर काढून घ्यायचं, तळ ढवळला जायच्या आत. दगड एका ड्रमात, मासे दुसऱ्यात. शेवटचं चार बोटं पाणी घेऊ नये, ते विषच असतं. मग फावड्यासारखी प्लास्टिकची डबडी कापून वाळू भरायला घेतली. खालचा थर उघडला तेव्हा खिडकीतून गुऱ्हाळाचा काकवीचा गोड वास येत होता आणि टाकीतून सडक्या अंड्यांचा. घरातल्यांनी दारं-खिडक्या उघडल्या, तरी तो वास दुसऱ्या दिवशीपर्यंत पडद्यांत होता. ओली वाळू मोजली तर पाच बादल्या भरल्या. वरच्या बोटभर पांढऱ्या थरातली दोन वाट्या वाळू मी आधीच बाजूला ठेवली होती, नव्या तळाला विरजण म्हणून. तिच्यात जिवाणूही असतात आणि कृमीही.

नवी वाळू किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. एवढ्या तळावर इंचभर थराला सुमारे चौदा लिटर, म्हणजे साधारण वीस किलो. दीड इंचाला तीस किलो. अडचण आहे ती वाळू कुठली घ्यायची ही.

दौंड-शिरूरकडे वाळू म्हटलं की भीमेची. ती बेसॉल्टची, काळसर. लिंबू पिळलं तर फेसत नाही, म्हणजे तिच्यात चुना नाही, पाण्याचा पीएच धरून ठेवायला तिची मदत नाही. लोहचुंबक फिरवला की त्याला काळे कण दाढीसारखे लटकतात. ते मॅग्नेटाइट. सल्फाइडला लोह किती हवंहवंसं असतं ते वर सांगितलंच आहे. रानातल्या काळ्या मातीत सापडणारी चुनखडी लिंबाने फेसते खरी, पण तिच्यात माती अडकलेली असते, ती धुऊन निघत नाही. मी एक बादलीभर आठ पाण्यांनी धुतली, आठवं पाणीही चहाच्या रंगाचं होतं. कोकणातून गोणीभर वाळू आणायची कल्पना सर्वांनाच सुचते. रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडाला पश्चिम किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात. शिवाय किनाऱ्याची वाळू उचलणं किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत बसत नाही, आणि ते बरोबरच आहे.

दुकानात मिळणाऱ्या 'कोरल चिप्स'विषयी जरा कडक बोलायला हवं. ११ जुलै २००१ च्या अधिसूचनेने रीफ बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आले. मेलेल्या प्रवाळाचे तुकडेही त्यातून सुटत नाहीत. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी प्रवाळ किती वर्षं खणले गेले, ते पाहिल्यावर हा कायदा कशासाठी आहे हे कळतं. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. तेव्हा पाकीटबंद, आयात केलेली, बिल असलेली अॅरागोनाइट वाळू घ्यावी, महाग पडली तरी. याच अधिसूचनेत समुद्रकाकडीच्या सगळ्या जातीही आहेत. परदेशी पुस्तकं तळ उलथत राहायला टाकीत एक समुद्रकाकडी सोडा असं सांगतात. तो सल्ला आपल्यासाठी नाही. शंख आणि वाळू चाळणारे गोबी मासे तेवढं काम करतात. दाणा एक ते दोन मिलिमीटरचा घ्यावा. त्याहून बारीक असेल तर पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या (पॉवरहेडच्या) झोताने वाळू उडून दगडांवर बसते, चार-पाच मिलिमीटरचा असेल तर मधे घाण अडकते.

मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडलं तेव्हा समुद्र दारात होता. भांडगावात समुद्र घरी बनवावा लागतो. बोअरचा टीडीएस आमच्याकडे उन्हाळ्यात हजाराच्या वर जातो. मुंढव्याच्या जॅकवेलमधून पुण्याचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी बेबी कालव्यातून आमच्या पट्ट्याकडे येतं, उसाला युरिया पडतो, या सगळ्याचा अंश भूजलात उतरतो. म्हणून आरओचं पाणी, आणि मेम्ब्रेन जुना झाला असेल तर आधी तो बदलायचा. फॉस्फेटसाठी वाळू काढायची आणि पाण्यातून फॉस्फेट परत घालायचं, याला काही अर्थ नाही. दर लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, तेही मरीन सॉल्ट, मिठागराचं नव्हे. निम्मं पाणी नवं घालायचं तर शंभर लिटर लागतं. घरगुती आरओला ते जमवायला दोन-तीन दिवस जातात आणि मिसळून एक दिवस फिरवावं लागतं. म्हणून वाळू आणण्याआधी पाणी तयार हवं. माझा क्रम असा होता: आधी पाणी, मग वीज जाणार नाही अशी सुटीची सकाळ, मग वाळू.

नवी वाळू बादलीत धुऊन, पीव्हीसीच्या पाइपातून तळाशी सोडली, म्हणजे धूळ वर उठत नाही. तरी पाणी एक दिवस दुधाळ राहिलं. त्यानंतरच्या दोन गोष्टींची कल्पना दुकानदार सहसा देत नाहीत. पहिली, नव्या अॅरागोनाइटच्या कोऱ्या पृष्ठभागावर पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट बसू लागतं आणि अल्कलिनिटी रोज थोडी उतरते. काही आठवड्यांनी दाण्यांवर इतर क्षारांचा आणि जिवाणूंचा लेप बसला की हे थांबतं. तोवर रोज मोजून भर घालावी लागते. दुसरी, कोरी वाळू फॉस्फेट अधाशासारखं ओढते, आणि पाण्यातलं फॉस्फेट अगदी शून्यावर गेलं तर डायनोफ्लॅजेलेट नावाचा चिकट तपकिरी तंतूंचा उपद्रव होतो. तो शेवाळ्याहून वाईट. तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी पावडर धरली तेव्हा मी धास्तावलो, पण ती डायटम निघाली. नळीने पुसली की जायची, चिकटायची नाही. महिन्याभरात शंखांनी ती संपवली. अमोनिया पहिल्या आठवड्यात एकदाच किंचित दिसला.

दगडांचा मोठा ढीग मी जसाच्या तसा उजव्या टोकाला परत ठेवला, आणि त्याच्याखाली जुन्या वाळूची एक वीत सोडली होती. काचेतून आज तो सांधा दिसतो: एका बाजूला पांढरी, दुसऱ्या बाजूला करडी. सांध्यातून कृमींच्या वाटा नव्या बाजूला सरकत आहेत.

राहिलं ते टाकून द्यायचं खारं पाणी. हा भाग पुस्तकांत नसतो, कारण ती किनाऱ्यावरच्या किंवा मोठ्या शहरांतल्या लोकांनी लिहिलेली आहेत. दोनशे लिटर पाण्यात सात किलो क्षार असतात. सोडियमने काळ्या मातीची घडण मोडते, कण सुटे होतात, निचरा बंद पडतो, आणि आमच्या गावांत ऊस आणि कालव्यामुळे हे दुखणं आधीच आहे. नारळाला खारं पाणी चालतं असं सांगणारे भेटतात. नारळाला थोडंफार चालतही असेल, पण नारळाच्या पुढे बांध आहे. मी गच्चीवर विटांचं दोन मीटर बाय दोन मीटरचं कडं करून त्यात शेततळ्याचा उरलेला कागद अंथरला. पाणी दोन इंच उभं राहिलं. दोन-अडीच आठवड्यांत ते आटलं. तळाशी पांढरी खपली धरली, पण ती पुरती वाळली नाही, मॅग्नेशियमचे क्षार पहाटेचा ओलावा ओढून घेत आणि सकाळी ती पुन्हा चिकट व्हायची.

आबा गच्चीवर आले होते ते पाहायला. त्यांनी खपलीचा एक तुकडा उचलला, दोन बोटांत चुरगाळला, ओले झालेले हात धोतराला पुसले. "ही पोत्यात भर," ते म्हणाले, "आणि पोतं बांधाच्या आत येऊ देऊ नको."